सारजाचे एकेचाळीस सेकंद

मी एक जुने घड्याळ आहे, पण वेळ सांगणारे नव्हे. बटण दाबले की माझा काटा धावतो, पुन्हा दाबले की जागीच थांबतो. मित्रांनो, माझ्या नावावर पुष्कळ मुलांना मठ्ठ ठरवले गेले. तो ठपका मी आजही माझ्यावर घेत नाही.

निजामाच्या राज्यात शिक्षण खात्याने मला विलायतेहून मागवले. मुले किती झटपट शिकतात, याचे संशोधन करायचे होते. व्यंकटराव नावाचे तपासनीस मला कोटाच्या खिशात घालून औरंगाबादच्या शाळांतून हिंडत. जिथे जाऊ तिथे माझे कौतुक होई. खोटे कशाला बोलू, माझ्या डोक्यात हवा गेली होती.

मग मुलींची शाळा आली. मुकुंदवाडीची सारजा समोर उभी राहिली. एका टोपलीत साडेतीन शेर पेरू, तर बारा टोपल्यांत किती, असे व्यंकटरावांनी उर्दूत विचारले. व्यंकटरावांच्या स्वतःच्या घरीही मराठीच, पण शाळेची भाषा उर्दू होती. सारजा गडबडली. प्रश्न मनातल्या मनात मराठीत आणायचा, उत्तर काढायचे, ते परत उर्दूत न्यायचे. तोवर माझा काटा एकेचाळिसावर पोचला. विसाच्या पुढे गेलेल्या मुलीला शाळेतून कमी करायचे, असा हुकूम होता. सारजाच्या डोळ्यांत पाणी आले.

तिच्या शिक्षिका मेहरुन्निसाबाई पुढे झाल्या. पुन्हा एकदा विचारू द्या, आकडा तुम्हीच द्या, म्हणाल्या. व्यंकटरावांनी सोळा टोपल्या दिल्या. घरी उर्दू बोलणाऱ्या त्या बाईंनी तोच प्रश्न मराठीत विचारला.

"छप्पन शेर," सारजा म्हणाली. माझा काटा चारावर होता. "आज्यानं औटकी घोकून घेतली, बाई."

औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा.

तरी व्यंकटरावांनी कागदावर एकेचाळीसच लिहिले. नियम तो नियम, म्हणाले. माझा नुसता तिळपापड झाला. मी दोन आकडे दाखवले होते आणि यांनी सोयीचा तेवढा उचलला!

मेहरुन्निसाबाईंनी कागदावर सही करायला साफ नकार दिला. टेबलावरून मला उचलले, एकोणीस टोपल्यांचा हिशेब अस्सल उर्दूत खुद्द व्यंकटरावांनाच विचारला आणि बटण दाबले.

साहेबांचे ओठ हलू लागले. सगळा वर्ग बघत होता.

"सायेब, तुमी बी औटकीच म्हणायलाव की," सारजा हळूच म्हणाली.

व्यंकटराव गोरेमोरे झाले. माझा काटा विसाच्या पुढे गेला तरी उत्तर आले नव्हते. मग त्यांनी मुकाट्याने कागद ओढला, एकेचाळीस खोडून चार लिहिले. सारजाचे नाव शाळेत राहिले.

आता मी कपाटात पडून आहे. माझी काच पुसायला कुणी फिरकत नाही, चालेल मला. पण मित्रांनो, उद्या कुणी एखादे नवे यंत्र तुमच्यापुढे धरून तुम्हाला मंद म्हणाले, तर मान खाली घालू नका. आधी प्रश्न माझ्या भाषेत विचारा, म्हणावे. मग खुशाल बटण दाबा.