जलपरीचा पत्ता

अंबरनाथच्या कारखान्यात उमाताई देवस्थळींनी तीस वर्षं नटबोल्ट तपासले. त्यांनी नापास केलेला माल साहेबांनाही पास करता येत नसे. रिटायर झाल्यावर बदलापूरला, कात्रपच्या फ्लॅटमध्ये दुपार सरता सरेना, तेव्हा त्या फोनवर ‘जलपरी कसिनो’त तीन पत्ती खेळायला लागल्या. सोनेरी केसांची सोफिया कॅमेऱ्यासमोर पत्ते वाटायची. खाली लिहिलेलं असायचं, ‘लाइव्ह फ्रॉम सायप्रस’.

दिवाळीनंतर एकाच डावात त्यांना अठरा हजार लागले. पण पैसे काही हातात येईनात. चॅटवर केविन नावाचा कुणी होता. त्याने आधी आधार कार्ड मागितलं. मग आधार हातात धरून सेल्फी. मग डावा कान दिसेल असा सेल्फी.

“कान कशाला?” उमाताईंनी लिहिलं.

“कंपनी पॉलिसी, मॅम.”

“कंपनीचा पत्ता द्या. तक्रार कुणाकडे करायची?”

“तुमची तक्रार आमच्यासाठी खूप महत्त्वाची आहे, मॅम.”

सून ऋता म्हणाली, “सोडा हो आई. सगळे चोर आहेत.”

“असू देत. पण चोर कुठेतरी बसत असेलच ना?”

गुरुवारी सोफिया पत्ते पिसत होती आणि फोनमधून भोंगा ऐकू आला, “रविवारी गोल मैदानात भव्य रक्तदान शिबिर! उल्हासनगरच्या तमाम नागरिकांनी...” सोफिया घाईघाईने उठली. खिडकी लावल्याचा आवाज आला.

“आई,” ऋता म्हणाली, “सायप्रसला गोल मैदान आहे?”

उमाताईंनी चपला घातल्यासुद्धा होत्या.

स्कूटरवरून दोघी थेट गोल मैदानाशी पोचल्या. तिथे उमाताईंनी एक पिपाणी विकत घेतली. बेत साधा होता. ऋताने कानात इअरफोन घालून सोफियाकडे बघायचं, उमाताईंनी गल्लीगल्लीत पिपाणी वाजवायची. फोनमध्ये पिपाणी ऐकू आली, की सापडलं सायप्रस.

पहिल्या गल्लीत एक कुत्रं मागे लागलं. दुसऱ्या गल्लीत पापडवाल्या सिंधी काकांनी विचारलं, “दादी, क्या बेच रही हो?”

“बेच नहीं रही, ढूंढ रही हूँ!” म्हणत उमाताईंनी आणखी जोरात फुंकली. साठी उलटलेली बाई भर रस्त्यात पिपाणी वाजवतेय हे मनात येऊन त्यांना हसू फुटलं, आणि हसताना पिपाणी भलतीच किंचाळली.

चौथ्या गल्लीत ऋता ओरडली, “दचकली! सोफिया दचकली! आई, परत!”

उमाताईंनी गाल फुगवून फुंकली.

“बदामची राणी पडली हातातून! हीच बिल्डिंग!”

पडद्यांच्या दुकानावर तिसरा मजला. दार नुसतंच लोटलेलं होतं. आत भिंतीवर निळ्या समुद्राचं भलंमोठं पोस्टर, एक टेबल, कॅमेरा, सोफिया. आणि कोपऱ्यात हाफपँट घातलेला एक माणूस लॅपटॉप घेऊन बसलेला.

“केविन?” उमाताईंनी विचारलं.

“येस, मॅम,” तो सवयीने बोलून गेला, आणि मग त्याचा चेहरा पडला.

त्याचं नाव अल्पेश. त्याने हात जोडले. “आंटी, तुमचं आत्ता करतो. फक्त आवाज नको.” दोन मिनिटांत अठरा हजार जमा झाल्याचा मेसेज आला.

“चला आई,” ऋताने हात ओढला.

पण उमाताईंचं लक्ष स्क्रीनकडे गेलं. दोनशे चौदा जण बघत होते. चॅट धावत होतं. ‘माझे सहा हजार कधी?’ ‘महिना झाला, केविन.’ ‘कान पण दाखवला, आता काय?’

“एक बोल्ट चांगला निघाला म्हणून पेटी पास होत नाही,” त्या म्हणाल्या आणि सरळ सोफियाच्या शेजारी कॅमेऱ्यासमोर बसल्या. “नमस्कार. मी उमा देवस्थळी, बदलापूर. ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनी लिहून घ्या. गोल मैदानाजवळ, चौथी गल्ली, पडद्यांचं दुकान...”

अल्पेश कॅमेऱ्याकडे धावला. ऋता मध्ये उभी राहिली. सोफियाने केसांचा टोप काढून टेबलावर ठेवला.

“मी पायल. शहाडला राहते,” ती कॅमेऱ्यात बघून म्हणाली. “माझाही दोन महिन्यांचा पगार अडकलाय. तिसरा मजला, लिफ्ट बंद आहे.”

अर्ध्या तासात जिना भरला. अंबरनाथच्या बुवापाड्यातून तिघं एकाच बाइकवर आले. चॅटवर ‘टायगर किंग’ म्हणून गुरगुरणारा माणूस निघाला काडीपैलवान क्लार्क. ‘स्वीट क्वीन’ला तर पांढऱ्या झुपकेदार मिशा होत्या. एकमेकांची नावं कळताच लोक पोट धरून हसायला लागले. पायल नावं वाचत होती, अल्पेश घाम पुसत एकेकाचे पैसे पाठवत होता. एकतीस जणांचे झाले आणि त्याचं खातं रिकामं झालं. मग अल्पेशला मध्ये घेऊन सगळी वरात पोलीस चौकीवर गेली.

ड्यूटीवरच्या श्रद्धा मॅडमनी सगळं ऐकलं, पेन उघडलं आणि विचारलं, “म्हणजे तुम्ही सगळे जुगार खेळत होता?”

टायगर किंग स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला.

“हो,” उमाताई म्हणाल्या. “लिहा. पहिलं नाव माझं लिहा.”

“दुसरं माझं,” मिशीवाल्या क्वीननी हात वर केला, आणि श्रद्धा मॅडमनाही पेन खाली ठेवून तोंडावर रुमाल धरावा लागला.