हौसेचे टाके

डिप्रेशनवर पुस्तक लिहायचं ठरवल्यावर वृषालीला कळलं, की आपल्या घरात साहित्याचे जाणकार किती आहेत. नवरा विनोद म्हणाला, "लिही, पण नाव दुसरं टाक." सासूबाईंनी त्याहून सोपं सुचवलं, "त्यापेक्षा संत्र्याच्या बर्फीवर लिही नं!" वृषालीच्या डिप्रेशनच्या गोळ्या सासूबाई पाहुण्यांना आजवर कमजोरीच्याच म्हणून सांगत आल्या होत्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार झाली. नदीच्या दोन काठांवरून दोन गावांनी रीतसर दगड हाणले, आणि धाकटा दीर अंकुर डोकं फोडून घेऊन घरी आला. घरात जणू सणच आला. तिगावची आत्या आली, लोधीखेड्याचे मामा आले. अंकुरला सोफा मिळाला, उशा मिळाल्या, हळदीचं दूध मिळालं. सासूबाई पट्टी वर करून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होत्या, "पाहा हे टाके! पोट्ट्यानं हूं की चूं नाही केलं!"

कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेल्या वृषालीला आत्यानं विचारलं, "तू काय लिहून राहिली वं?"

"बर्फीचं," सासूबाईंनी परस्पर सांगून टाकलं आणि तिला सगळ्यांसाठी चहा ठेवायला पिटाळलं.

चहा उकळेस्तोवर वृषालीनं ओट्यापाशीच मोबाईल काढला. इतके दिवस अडलेली सुरुवात आपसूक झाली: 'आमच्या घरात डोकी दोघांची फुटली. जो हौसेनं दगड खायला गेला, त्याला हळदीचं दूध मिळालं. मला चहा ठेवायला सांगितलं.'