फुग्यांच्या पिठातली बुरशी

मार्सेल लोपिसच्या वाडीतल्या पानवेली मुळातून सडत होत्या आणि त्यांच्याबरोबर मार्सेलही सुकत चालला होता. बापाने, गॅब्रिएलने लावलेल्या चाळीसांपैकी पंधराच वेली उरल्या होत्या. मोरचूद घालून झालं, नवस बोलून झाला, कशालाच गुण आला नाही.

शेवटी शेतकी खात्यातल्या प्रल्हादसाहेबांनी एक पाकीट दिलं. "यात जिवंत बुरशी आहे. मुळं सडवणाऱ्या बुरशीचा ती फडशा पाडते. ओल्या शेणखतात कालवा, हिरवी दिसू लागली की मुळाशी घाला. दुसरं पाकीट महिनाभर मिळायचं नाही."

काट्याने काटा काढायचा, हे मार्सेलला पटलं. शेणखत येईपर्यंत पाकीट सावलीत ठेवायचं होतं, म्हणून त्याने ते पिठाच्या डब्यामागे ठेवलं आणि बायकोला, फिलोमिनाला बजावलं, "जीव हाय त्यात. हात लावू नको."

शनिवारी फिलोमिना भाचीच्या बाप्तिस्म्यासाठी फुगे करायला बसली. मैद्यात ताडी घालायची, पीठ चांगलं चढू द्यायचं आणि त्याचे गोळे तळायचे, ही घरची रीत. नेमकी ताडी शिळी निघाली, पीठ चढेना. जीव आहे म्हणजे फुगवणारच, असा विचार करून बाईने अख्खं पाकीट पिठात रिकामं केलं.

पीठ ढिम्म हललं नाही. रिकामं पाकीट बघून मार्सेल रागावलासुद्धा नाही, सरळ ओट्यावर बसून रडला. मग तीही रडली. बाप्तिस्म्याला बेकरीतले पाव गेले. पीठ ओल्या फडक्याखाली घमेल्यात तसंच पडून राहिलं, कारण ते टाकणं दोघांच्याही जिवावर आलं.

बुधवारी तिने फडकं उचललं. "पीठ हिरवं पडलं. फेकून येते."

मार्सेल जेवणावरून उठला. "थांब गो. तीच हाय ही."

उष्ट्या हातानेच त्याने ते शेणखतात कालवलं आणि पंधराही वेलींच्या मुळाशी घातलं. प्रल्हादसाहेब हकिकत ऐकून पोट धरून हसले. महिन्याभराने मात्र ते हसले नाहीत, वेलींचे कोंब मोजत बसले. एकही वेल मेली नव्हती.

आता गावात कोणाचीही वेल सडली की माणसं मार्सेलला ओलांडून थेट फिलोमिनाच्या चुलीपाशी हिरवं पीठ मागायला जातात. मार्सेलला त्याचं काही वाटत नाही, त्याच्या बापाच्या वेली जगल्या. फक्त घरी फुगे तळले की पहिला फुगा तो तिलाच खायला लावतो.