रेणूचा गणिताचा पेपर

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. मूळचा रंग कधीच उडाला आहे. तरुणपणी मी एका ठेकेदाराचा बांबू वाहिला. मी थकल्यावर त्याने मला केशोरीच्या एका वेगळ्या शाळेला विकले. नापास झालेली, शाळा सुटलेली मुले तिथे येतात आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसतात. शामकला मॅडम त्यांना गणित शिकवतात आणि मलाही चालवतात. रस्त्यावरचे लोक म्हणतात, "नापासांची गाडी आली!" मला ते लागते. मुलांना किती लागत असेल!

गेल्या मार्चमध्ये गणिताचा पेपर होता. अर्जुनीच्या केंद्राचे फाटक साडेदहाला बंद होणार होते. सात मुले वेळेवर चढली. आठवी रेणू आलीच नाही. ती दोनदा गणितातच राहिली होती.

घड्याळात सव्वानऊ झाले होते. मॅडमनी मला रेणूच्या टोल्याकडे, म्हणजे तिच्या छोट्या वस्तीकडे वळवले.

"मॅडम, आमचाबी पेपर बुडन!" ओमेश ओरडला. "एकीसाठी सात जन कायले?"

मॅडमनी माझा वेग वाढवला.

रेणूचे वडील आसाराम अंगणात मोहफुले वाळत घालत होते. "पेपर उद्या हाय म्हने पोरगी," ते गोंधळून म्हणाले आणि समोरच्या बांधाकडे बोट दाखवले.

मोहाच्या झाडाखाली रेणू टोपली धरून उभी होती. मॅडमना पाहताच ती रडू लागली. "कायले येऊ? तिसऱ्यांदा नापास व्हायले?"

तेवढ्यात ओमेश तरातरा उतरला. आता हा भांडणार, असे मला वाटले.

"मी तीनदा झालो," तो म्हणाला. "मेलो का? चाल, तुह्यासाठी थांबून राहिलो आमी."

आसारामनी पोरीच्या हातातली टोपली घेतली. "जाय," एवढेच म्हणाले.

सगळे बसले, मॅडमनी चावी फिरवली आणि माझे इंजिन खोकून गप्प झाले. पुन्हा चावी, पुन्हा तेच. मित्रांनो, इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती! आठही मुले उतरली. आसारामही धावले. उतारापर्यंत सगळ्यांनी मला ढकलत नेले आणि एकदाची मी सुरू झाले. मग खड्डे पाहिले नाहीत की वळणे.

शिपाई फाटक ओढत होता. ओमेशने फटीत पाय घातला. एकेक करून सगळी आत गेली. मागे वळून न पाहता रेणूही गेली.

निकाल लागला. रेणूला गणितात छत्तीस मिळाले. ओमेश मात्र पुन्हा राहिला. त्या दिवशी तो माझ्या मागच्या सीटवर तासभर खाली मान घालून बसला होता. रेणू आली, "सरक" म्हणाली आणि शेजारी बसली. त्याच्यासाठी जुलैच्या परीक्षेचा फॉर्म तिनेच आणला होता.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या गाडीला वेळेवर तेलपाणी द्या. आणि तुमच्या वर्गातले कोणी यायचे थांबले असेल, तर त्याला हसू नका. त्याच्या घरी जा. तुम्हाला थोडा उशीर झाला तरी जा.