तातडीच्या वेळी कुणाला कळवावे

हारलनने तिकाटणं उघडून तिन्ही पाय जमिनीत रोवले, वरच्या बेचक्यात रायफल टेकवली आणि उभ्यानेच नेम धरला. ऐंशी यार्डांवर, टेकाडाला पाठ करून, प्लायवूडचा कुडू, आफ्रिकेतलं मोठं हरीण, उभा होता. दुर्बिणीतली काळी फुली त्याच्या खांद्यावरून मानेवर, मानेवरून टेकाडावर भटकत राहिली. हारलनने अर्धा श्वास सोडला आणि चाप ओढला. कुडूच्या पोटाखालून माती उडाली.

"घाबरलं असेल हं जनावर," मागून ऑरिन म्हणाला. "हसून पोट दुखलं असेल बिचाऱ्याचं."

ऑरिन त्याचा शेजारी. त्याचं घर पाच मैलांवर, पण आमच्याकडे पाच मैलांवरच्याला शेजारीच म्हणतात. तो पिकअपच्या मागच्या फळीवर पाय हलवत बसला होता आणि थर्मासमधली कॉफी एकटाच संपवत होता. जानेवारीपासून तो दर शनिवारी येत असे. का येतो ते त्याने सांगितलं नव्हतं आणि हारलनने विचारलं नव्हतं.

मोंटानातल्या माणसाला उभ्याने बार टाकायची सवय नसते. आम्ही गवतात पालथे पडतो, नाहीतर एखाद्या दगडावर कोपरं टेकतो. हारलन जूनमध्ये शिकारीला जाणार होता त्या नामिबियात पालथं पडलं तर समोर नुसती काटेरी झुडपं दिसणार, म्हणून तिथे सगळं तिकाटण्यावरून, उभ्याने. शिकारतळ चालवणाऱ्या एल्साबेबाईंनी पाठवलेल्या यादीत हे पहिल्याच ओळीत होतं. दुसऱ्या ओळीत होतं की बूट दोन महिने आधीपासून घालून रुळवावेत. पहिल्याच दिवशी टाचेला फोड आला की पुढचे नऊ दिवस माणूस तंबूत बसतो.

तो प्लायवूडचा कुडू कर्टने, हारलनच्या मुलाने, कापून रंगवला होता. पिळदार शिंगं, अंगावर चुन्याच्या रेघांसारखे पांढरे पट्टे आणि पुढच्या पायाच्या रेषेत, बरंच खाली, एक लाल वर्तुळ. "डॅड, इकडच्या हरणासारखं खांद्याच्या मागे मारायचं नाही," त्याने बजावलं होतं. "या जनावरांचं काळीज पुढे असतं. आपली माणसं तिथे जाऊन नेमकी तीच चूक करतात, आणि मग संध्याकाळपर्यंत रक्ताच्या थेंबांमागे चालत बसतात." जानेवारीपासून हारलनचा एकही बार त्या वर्तुळात बसला नव्हता.

"पुरे आज," ऑरिन म्हणाला. "हात थरथरतायत तुझे."

"थंडी आहे."

"एप्रिल संपत आलाय, हारलन."

हारलनने रायफल रिकामी केली. चाळीस वर्षं विजेच्या खांबांवर चढून त्याची बोटं आखडली होती. खाली पडलेलं काडतूस उचलायला त्याला तीनदा वाकावं लागलं. ऑरिनने मदत केली नाही. मदत केलेली हारलनला खपत नसे हे त्याला पन्नास वर्षांत कळलं होतं.

जानेवारीतल्या त्या शनिवारी सकाळी कर्टचा फोन आला होता. रस्त्यावर बर्फाची काच झालीय, आज नेमबाजीचा सराव राहू दे का, असं तो विचारत होता. हारलन कॉफी पीत होता, मजेत होता. "कुडू थांबणार आहे का तुझ्यासाठी?" तो म्हणाला. "ये रे, हळूहळू ये." कर्ट हसला आणि निघाला. ओढ्यावरच्या वळणावर त्याची गाडी कठड्यातून खाली गेली. सकाळी बोलताना कर्टचा फोन स्पीकरवर होता आणि कर्टची बायको जनेल स्वयंपाकघरात तिथेच उभी होती. दफनाच्या दिवशी ती हारलनजवळ आली आणि एवढंच म्हणाली, "तो नको म्हणत होता." त्यानंतर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. हारलननेही तिला फोन केला नव्हता. काय तोंडाने करणार होता? गावात जायचं झालं तर तो ओढ्याचा रस्ता टाळून अठरा मैलांचा वळसा घेत असे.

सगळ्यांना वाटलं होतं की म्हातारा आता आफ्रिकेचं नाव काढणार नाही. त्यालाही तसंच वाटलं होतं. पण रद्द करायचं पत्र लिहायला बसला की त्याच्या मनात एकच येई: गेलो नाही, तर पोरगा त्या बर्फावरून उगाचच आला असं होईल. हे तो कुणाला बोलला नाही. फेब्रुवारीत त्याने एल्साबेबाईंना दोन ओळी लिहिल्या, 'माझा मुलगा येऊ शकत नाही. मी एकटा येईन.' कारण लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं.

दुपारी दोघे घरात आले. ऑरिनने फ्रिजमधून हरणाच्या मांसाचं सॉसेज काढलं, चाकूने कापून उभ्यानेच खायला लागला. खुर्चीवर बुटांचं खोकं तसंच पडलेलं होतं. नाताळात कर्टने दिलेलं; स्वतःसाठीही त्याने तसाच दुसरा जोड घेतला होता. हारलनने त्याचं झाकण अजून उघडलं नव्हतं.

"हे घालणार कधी? विमानात?"

"घालेन."

"आणि हे काय?" टेबलावरचा कागद ऑरिनने डोळ्यांजवळ नेला. "अजून पाठवला नाहीस? त्या बाईला रायफलचा परवाना काढायचाय ना याच्यावर?"

"एक रकाना राहिलाय."

तो रकाना अकरावा होता. तातडीच्या वेळी कुणाला कळवावे.

हा फॉर्म बापलेकांनी ऑक्टोबरात जनेलच्या टेबलावर बसून भरला होता. दोघांनी एकमेकांपासून लपवत, परीक्षेला बसल्यासारखा. आणि दोघांनीही अकराव्या रकान्यात एकमेकांचं नाव लिहून पाठवून दिलं होतं. एल्साबेबाईंचं उत्तर आलं: 'तुम्ही दोघंही इथेच असाल. मग आम्ही कळवायचं कुणाला, बिबट्याला?' कर्ट हसता हसता खुर्चीतून पडायचा बाकी होता. जनेलने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "घरात एक बायको आहे हे नाही सुचलं लिहायला!" तिने कर्टच्या नव्या फॉर्मवर स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव लिहिलं, ठळक, दोनदा गिरवून. मग पेन हारलनकडे वळवलं. "तुमच्यावरही माझंच टाकू ना, डॅड?"

हारलनची बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. दुसरं कुणी नव्हतंच. तरी कुणास ठाऊक का, तो लाजला. "बघू, नंतर करतो," म्हणाला. ते नंतर अजून आलं नव्हतं.

"माझं नाव टाक," ऑरिन म्हणाला.

"तू फोन उचलत नाहीस."

"नाहीच उचलत. पण तू मेल्याची बातमी असेल तर उचलेन."

"तुला कसं कळणार कसली बातमी आहे ते? उचलायच्या आधी?"

ऑरिनने यावर थोडा विचार केला. सॉसेजचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. "सुनेचं टाक मग," तो हळूच म्हणाला.

हारलन उठला आणि नळाखाली आधीच धुतलेला कप पुन्हा धुवायला लागला. ऑरिनने टोपी घातली. दाराशी तो थांबला, काही बोलावं असं त्याला वाटलं असावं, पण तो ऑरिनच. "कुडूला सांग, पुढच्या शनिवारी येतो," म्हणाला आणि गेला.

एकटा झाल्यावर हारलन टेबलाशी बसला. नववा रकाना, चालू औषधं: तिथे त्याने 'नाही' असं लिहिलेलं होतं. अकराव्यावर त्याने पेन टेकवलं. जनेलचं नाव लिहायला हात उचलेना. ज्या बाईचा नवरा आपण हाक मारून हिरावून घेतला, तिलाच सांगायचं की माझं काही झालं तर रडणारी तू? असं कुठल्या तोंडाने लिहायचं? मग त्याने एक नाव लिहिलं, त्याला तेवढंच पाठ होतं म्हणून. कर्ट ट्वाइट. नातं: मुलगा. फोन नंबर न बघता लिहिला. सोमवारी वळसा घालून तो गावातल्या वाचनालयात गेला, तिथल्या बाईकडून फॉर्म ईमेलने पाठवून घेतला आणि तोच वळसा घालून परत आला.

चार दिवसांनी सकाळी ईमेलने उत्तर आलं. हारलनने चष्मा पुसला आणि कॉफी घेऊन खिडकीशी बसला. रक्तदाबाचं औषध बशीत तसंच होतं. ते खाल्लं की तोंड कडू होतं म्हणून तो रोज थोडं पुढे ढकलत असे.

'प्रिय हारलन,' एल्साबेबाईंनी लिहिलं होतं, 'तुमची कागदपत्रं पोचली. परवान्याचं काम सुरू केलं आहे. मोसमाआधी आम्ही प्रत्येक पाहुण्याच्या अकराव्या रकान्यातला नंबर एकदा लावून बघतो. एका वर्षी एकाचा नंबर चुकीचा निघाला आणि फार वाईट प्रसंग आला, तेव्हापासून ही पद्धत आहे. तुमचा नंबर काल लावला. एका बाईंनी उचलला. मी म्हटलं, कर्ट ट्वाइटशी बोलायचं आहे. मग त्यांनी मला सगळं सांगितलं. हारलन, तुम्ही मला कळवायला हवं होतं. मी काय काय लिहीत राहिले, बिबट्याचे विनोद करत राहिले.'

हारलनने चष्मा काढला, परत लावला.

'मी म्हटलं, मग हे नाव खोडून दुसरं घालू का? त्या म्हणाल्या, नाव खोडू नका. नंबर बरोबर आहे. मी तो बंद केलेला नाही आणि करणार नाही, रोज चार्ज करून ओट्यावर ठेवते. फोन आला तर मी उचलेन. मी विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? त्या म्हणाल्या, सून.

'आणखी एक. त्यांनी मला नववा रकाना वाचून दाखवायला सांगितला. मग म्हणाल्या, ते धडधडीत खोटं आहे. रक्तदाबाचं औषध आहे, रोज सकाळचं, आणि कुणी डोक्यावर उभं राहिल्याशिवाय ते घेत नाहीत. तेव्हा मी तो रकाना दुरुस्त केला आहे. इथे मी डोक्यावर उभी राहीन. जूनमध्ये भेटू.'

हारलनने ते पत्र परत पहिल्यापासून वाचलं. 'सून' या शब्दापाशी आल्यावर त्याला रडू फुटलं. दफनाच्या दिवशी आलं नव्हतं, ते आज आलं, आणि घरात ऐकायला कुणी नाही म्हणून त्याने ते आवरलंही नाही. समोर कुरणाच्या कडेला प्लायवूडचा कुडू लाल वर्तुळ घेऊन उभा होता.

मग त्याने फोन घेतला आणि जानेवारीपासून न लावलेला नंबर लावला. पडद्यावर कर्टचं नाव आलं. चौथ्या घंटीला फोन उचलला गेला. पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला.

"औषध घेतलंत?" शेवटी जनेल म्हणाली.

"घेतलं."

"खरं सांगा."

हारलनने बशीतलं औषध तोंडात टाकलं आणि गार कॉफीबरोबर गिळलं. "आत्ता घेतलं."

"मी अजून माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "करेन असंही म्हणत नाही."

"माहीत आहे मला."

ती फोन ठेवेल असं त्याला वाटलं. तिने ठेवला नाही. त्याला म्हणायचं होतं की ये, एकदा ये. पण तो शब्द आता त्याच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. तोच शब्द त्याने त्या सकाळी वापरला होता.

"मी येऊ का?" त्याने विचारलं.

तिच्या ओट्यावरच्या घड्याळाची टकटक त्याला ऐकू येत होती.

"ओढ्यावरून येणार?"

त्याने डोळे मिटले. "हो. ओढ्यावरून."

"बूट घातलेत का एकदा तरी?"

"नाही."

"वाटलंच." तिने नाक ओढलं. "घालून या. गाडी रस्त्यावरच्या फाटकाशी लावा आणि तिथून चालत या. मैलभर होतं. तेवढे तरी रुळतील."

फोन बंद झाला. हारलनने खोकं उचलून मांडीवर घेतलं आणि झाकण काढलं. तपकिरी चामड्याचा वास आला. तो दाराच्या पायरीवर जाऊन बसला, उजवा बूट पायात सरकवला आणि आता आखडलेल्या बोटांनी नाडी ओवायला अर्धा तास जाणार म्हणून खाली वाकला.

दोन्ही बुटांच्या नाड्या कर्टने वरच्या भोकापर्यंत ओवून ठेवल्या होत्या. नुसत्या ओढायच्या राहिल्या होत्या.