पाण्यातली चुणी

“मोठा धोंडा दिसतो का गं?” हालवरने बायकोला विचारले.

“दिसतो की,” तोरुन म्हणाली.

धोंडा नव्हता. जिथे तो वर्षानुवर्षे बसलेल्या गाईसारखा पाण्याबाहेर पाठ काढून असायचा, तिथे आता गोट्यांचा एक पसरट ढीग होता आणि त्यावरून उथळ पाणी खळखळत चालले होते. गेल्या शरदातल्या पुराने नदीच इथून उचलून पलीकडच्या काठाला नेऊन ठेवली होती. धोंडा कुठे गडप झाला ते त्या पुरालाच ठाऊक. तोरुनने हे मे महिन्यातच, बर्फ वितळल्यावर, एकटीने सायकलवर येऊन पाहिले होते. घरी जाऊन सांगायचे असे ठरवून ती निघाली होती. पण दारात गेल्यावर जीभ उचलली नाही, आणि मग ते रोजच राहून गेले.

“आवाज वेगळा येतोय पाण्याचा,” हालवर म्हणाला.

“जुलै आहे. पाणी उतरलंय.”

ते त्याला पटले असावे. त्याने गळाची काठी जोडली, बोटांनीच चाचपून तंगूस कड्यांतून ओवला आणि टोकाला माशाला भुलवणारी पितळी फिरकी बांधली. गाठ मात्र तोरुनला बघायला दिली. धुके अजून पाण्यावरून उठले नव्हते. पलीकडची बर्चची झाडे अर्धीच दिसत होती, खालून कापून टांगल्यासारखी. अशा वेळी तोरुनला नेहमी वाटायचे, आपण अजून अंथरुणातच आहोत आणि नदी आपल्याला स्वप्नात पडलेली आहे.

हालवरने उभी हयात शाळेची बस चालवली होती. खोऱ्यातली निम्मी माणसे कधी ना कधी त्याच्या मागे बसून भांडली, झोपली, ओकली होती. गेल्या हिवाळ्यात त्याच्या नजरेच्या मधोमध धूर जमला. कडेचे सगळे दिसे. ज्याच्याकडे पाहावे नेमके तेच नाहीसे होई. बशी दिसे, बशीतला बटाटा दिसत नसे. कुणी काही बोलायच्या आत त्याने स्वतः जाऊन परवाना परत केला आणि घरी येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. तो बसलाच.

तोरुन वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात कामाला होती. खुर्चीत बसलेल्या पुरुषाचे पुढे काय होते हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. आधी विजारीचे बूड चकाकते. मग सदऱ्याची कोपरे पातळ होतात, कारण हात खुर्चीच्या हातावरून हलत नाहीत. मग एक दिवस त्या नावाचे कपडे धुवायला येतच नाहीत. एप्रिलमध्ये एका सकाळी तिने हालवरची तपकिरी कॉर्डरॉयची विजार उजेडात धरली. बूड चकाकत होते.

त्यात जूनमध्ये मध्य-उन्हाळ्याच्या सणाला पेटवतात त्या होळीपाशी हालवर सगळ्यांसमोर बोलून बसला, की या जुलैत एक मासा हाती लागला नाही तर काठी ओदवारला देऊन टाकीन. ओदवार म्हणजे शेजारी. तो एरवी कशावरही हसणारा माणूस, पण तेव्हा हसला नाही. हालवर बोललेला शब्द फिरवणारा नव्हता आणि काठी गेली की तो खुर्चीतून पुन्हा उठणार नव्हता. हे ओदवारलाही कळत होते. आज जुलैचा शेवटचा शनिवार होता, आणि तो यंदा पहिल्यांदाच खुर्चीतून उठून नदीवर आला होता.

ओदवारचा आणि या काठीचा जुना संबंध होता. आमच्या खोऱ्यात माणूस आपला पगार सांगेल, मूळव्याध सांगेल, बायकोशी का बिनसले तेही सांगेल; पण ट्राउट मासा कुठे लागला याचा ताकास तूर लागू देणार नाही. विचारायला मुभा आहे. विचारले नाही तर उलट तो अपमान. आणि विचारल्यावर खोटी जागा सांगायची, तीही चेहऱ्यावरची रेघ न हलवता, ही रीत. हालवरला कुणीही विचारले तर तो म्हणायचा, “गिरणीखालच्या डोहात.” ओदवार दर उन्हाळ्यात एकदा तरी त्या डोहात जाऊन डास मारून येई. खरी जागा फक्त तोरुनला माहीत होती, कारण कॉफीची आणि विणकामाची पिशवी घेऊन तिला सोबत यावे लागे. त्या पायवाटेवर तिला लाल रुमाल बांधायची बंदी होती. माशांना दिसेल म्हणून नव्हे, ओदवारला दिसेल म्हणून.

हालवरने पहिली फेक केली. वरच्या अंगाला, धोंड्याच्या जरा पुढे, फिरकी धोंड्याच्या पाठीमागच्या संथ पाण्यात घसरत यावी अशी. फेक सुरेख होती. आंधळ्या माणसाची ती फेक आहे असे कुणी म्हटले नसते. फिरकी पडली आणि गोट्यांवरून खरडत आली.

त्याने दुसरी फेक केली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्याने रीळ फिरवायचे थांबवले आणि काठी नुसती हातात धरून उभा राहिला. तोरुन त्याच्या तोंडाकडे पाहत होती. विणकाम मांडीवर होते, पण ती एकही टाका विणत नव्हती.

“किती पाणी आहे इथं?” त्याने विचारले.

“घोट्याएवढं.”

“आणि धोंडा?”

“नाही. पुरात गेला.”

“तुला कधी कळलं?”

“मे महिन्यात.”

त्याने तंगूस गुंडाळून घेतला. मग हसल्यासारखे करून म्हणाला, “या जागेपायी मी अख्ख्या खोऱ्याला थापा मारल्या. आणि तू मला मारलीस.”

“मारली. तू खुर्चीतून उठून यावास, म्हणून मारली.”

तो तिथेच गवतात बसला आणि त्याने काठीचे दोन तुकडे ओढून वेगळे केले. त्या दोन तुकड्यांचा ‘टप्’ असा बारीक आवाज झाला आणि तोरुनचा धीर सुटला. तिने कॉफी ओतली, त्याच्या हातात पेला दिला आणि मग तिला राग आला. रागावली की ती हळू बोलायची. ती विजारीच्या बुडाबद्दल बोलली. कोपरांबद्दल बोलली. धुलाईघरात कुणाकुणाच्या विजारी यायच्या थांबल्या त्यांची नावे तिने घेतली. त्यातले तिघे त्याच्या वर्गातले होते. तो ऐकत होता. चिलटे त्याच्या कानाभोवती घोंघावत होती आणि तो ती हाकलत नव्हता.

“नदी गेली नाही, हालवर,” ती शेवटी म्हणाली. “सरकलीय फक्त. मासे काय पुराबरोबर समुद्रात गेले? कुठंतरी असतीलच. विचार मला काय दिसतं ते.”

“तुला पाणी कुठं कळतं?”

“मला चादरी कळतात. तू विचार तर.”

बहुधा तिच्या हट्टाला कंटाळूनच त्याने विचारले, की समोर कसे आहे. तिने पाहिले. इतकी वर्षे ती या काठावर बसली होती. पण पाण्याकडे पाहायचे काम त्याचे आणि टाके मोजायचे तिचे, अशी वाटणी असल्याने तिने नदी अशी कधी पाहिलीच नव्हती.

“समोर इस्त्री केल्यासारखं सपाट आहे,” ती म्हणाली.

“मग तिथं काही नाही. उन्हाळ्यात सपाट पाण्यात मासा भाजून निघतो. पुढं चल.”

ते काठाने खाली निघाले. तिचा हात त्याच्या कोपराला होता. ती सांगत गेली आणि तो एकेक जागा निकालात काढत गेला. इथे न पिळलेल्या कापडासारखे फुगलेले आहे. उथळ असेल, सोड. इथे बारीक सुरकुत्या, दाट. खाली खडी आहे, सकाळी मासे चरायला येतात तिथे, पण आता ऊन वर आले असेल. आले आहे का? आले आहे. मग सोड. धुके विरत होते आणि त्यातून एकेक गोष्ट बाहेर येत होती: कुंपणाचा खांब, कुणाची तरी विसरलेली होडी, पाण्यात पाय बुडवून उभ्या असलेल्या दोन मेंढ्या. तोरुनला वाटले, ही सगळी आपण नाव घेतल्यावरच होताहेत. ती अधिकच हळू बोलू लागली.

वळणाशी ती थांबली. पुराने तिथे तीन आल्डरची झाडे आडवी केली होती. मुळे काठात आणि शेंडे पाण्यात, तरी पाने हिरवी. त्यांच्या सावलीच्या कडेने नदीत एक सरळ लांब रेघ होती. एका बाजूचे पाणी पळत होते, दुसऱ्या बाजूचे रेंगाळत होते.

“चुणी पडलीय,” ती म्हणाली. “दोन कापडं एकाला एक शिवल्यासारखी. अलीकडचं एका रंगाचं, पलीकडचं दुसऱ्या.”

हालवरने तिचा हात घट्ट धरला. “वाक आणि पाण्यात बोटं घाल. उभी राहू नकोस, तुझी सावली पडेल.”

तिने रांगत जाऊन बोटे घातली आणि चटकन मागे घेतली. पाणी हाडाला लागत होते. झाडांच्या मुळांआडून एक ओढा येऊन मिळत होता, वरच्या डोंगरातला, बर्फाचा. तो पूर्वी कितीतरी खाली मिळायचा. पुराने त्यालाही नवी वाट दिली होती.

“थंड,” ती कुजबुजली.

“मग सगळे इथंच आहेत,” तोही कुजबुजला. त्याचा चेहरा तिने हिवाळ्यापासून असा पाहिला नव्हता.

काठी पुन्हा जोडली गेली. ती सांगेल तशी तो फेकू लागला. डावीकडे, थोडी आखूड, अजून आखूड. पण चुणी अरुंद होती आणि झाडांचे शेंडे तिच्यावर वाकलेले. एक फिरकी पानांत गेली ती गेलीच. दुसरी बुडालेल्या फांदीत अडकली आणि तंगूस तुटला. उरलेली छोटी, काळ्या पात्याची फिरकी त्याने बांधली, गाठ तिला दाखवली आणि काठी तिच्याच हातात राहू दिली.

“तू टाक.”

“मी? तुझा शब्द गेला ना मग. मासा तू पकडायचा होतास ना.”

“पकडीन म्हटलं नव्हतं. हाती लागला तर, म्हटलं होतं. कुणाच्या हाती ते बोललो नव्हतो. टाक आता, ऊन येतंय.”

तिची पहिली फेक लाजिरवाणी होती. फिरकी त्यांच्याच पायाशी पडली. तो मागे उभा राहिला, तिच्या मनगटाखाली दोन बोटे धरून, आणि कधी सोडायचे ते सांगू लागला. दुसरी फेक पलीकडे गेली. तिसरी झाडांच्या वरच्या अंगाला पडली आणि चुणीवरून खाली येऊ लागली. पाण्यापेक्षा जरा जलद फिरव, तो म्हणाला, जरा, बस्स एवढेच. फिरकीची थरथर तंगुसातून, काठीतून तिच्या तळव्यात आली. मग ती थरथर थांबली आणि काठी वाकली.

पुढचे तिला नीट आठवत नाही. मासा सावलीत शिरू पाहत होता, आणि ती काठी हालवरच्या हातात कोंबू पाहत होती. तो घेईना. “तुझा आहे,” एवढेच तो म्हणत होता. मग त्याने कमरेची हातजाळी सोडवली, गवतात गुडघे टेकले आणि पाण्यावर वाकला. मासा जवळ आला तसे त्याने तोंड फिरवून भलतीकडे, डोंगराकडे पाहिले. तोरुन घाबरली. पण त्याला समोरचे असेच दिसायचे, न बघता. डोंगराकडे बघत बघतच त्याने जाळी खाली सारली आणि मासा अलगद वर उचलला. जाड, सोनेरी, पोटाला लाल ठिपके.

“बघितला?” तिने विचारले.

“कडेकडेने.” त्याचे डोळे भरून आले होते. माशासाठी की काठीसाठी, ते तिने विचारले नाही.

परत येताना फाटकाशी ओदवार कुंपणाला रंग देत उभा होता. त्याने हालवरच्या हातातल्या फांदीला लटकणारा मासा पाहिला, मग तोरुनच्या खांद्यावरची काठी पाहिली, आणि ब्रश डब्यात ठेवला. रीतीप्रमाणे विचारणे भाग होते. त्याने हालवरला विचारले, की कुठे मिळाला.

हालवर तोंड उघडणार, एवढ्यात तोरुन म्हणाली, “गिरणीखालच्या डोहात.”

तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. ओदवारने तिच्याकडे नीट पाहिले आणि डोक्यावरची टोपी जराशी उचलली. खोऱ्यात बायकांना टोपी उचलायची पद्धत कधीच गेली आहे. मासे धरणाऱ्यांना मात्र अजून उचलतात. हालवर पुढे चालू लागला. कॉफीची पिशवी त्याच्या खांद्यावर होती. ती त्याने कधी घेतली हे तोरुनला कळलेच नव्हते.

मासा लोण्यात तळला, आंबट साय आणि नवे बटाटे घालून खाल्ला. काटे हालवरने तिला न कुरकुरता काढू दिले. काठी त्याने स्वतः नेऊन दाराआडच्या खुंटीला लावली. आपल्या नव्हे, तिच्या कोटाखालच्या.

सोमवारी तोरुनने घरचे धुणे काढले. कॉर्डरॉयच्या विजारीचे बूड तसेच चकाकत होते. ते काही आता जाणार नव्हते. पण दोन्ही गुडघ्यांना गवताचे हिरवे डाग पडले होते, चांगले बशीएवढे. असले डाग कशाने जातात हे तिला झोपेतही सांगता आले असते. तिने एका डागावरून अंगठा फिरवला. मग विजार ढिगातून बाजूला काढली, न धुताच घडी घातली आणि शनिवारसाठी ठेवून दिली.