पांढऱ्या मातीचं काम

हिंगणघाटच्या त्या जिनिंग कारखान्यात वाफेच्या नळांना लेप द्यावा तर तानबानंच, असं सगळे म्हणत. पोत्यातली पांढरी माती पाण्यात कालवून तो असा लेप चढवी, की तापलेल्या नळावर हात ठेवला तरी चटका बसत नसे. पोत्यांवर इंग्रजीत ‘ॲस्बेस्टॉस’ छापलेलं असे, पण ते वाचणारं बॉयलरघरात कुणी नव्हतं. बारा वर्षं तानबा हेच करत आला होता. नवा माणूस आला की तोच शिकवी. जुना लेप हातोडीनं कसा फोडायचा, तो कुटून, चाळून नव्या मातीत कसा मिसळायचा. धुळीनं कुणी ठसकलं की हसून म्हणे, “दोन दिसांत सवय होते बे. मातीच होय, जहर नोहे.”

सत्तावन्न सालच्या भाद्रपदात, कापसाचा हंगाम लागायच्या आधी, बॉयलर दुरुस्त करायला नागपूरहून लक्ष्मणराव मिस्त्री आले. बॉयलरघराच्या उंबऱ्यावरच ते थबकले. आत चार माणसं जुना लेप फोडत होती. खिडकीतून आलेल्या उन्हात धूळ नुसती उसळत होती. कोपऱ्यात तानबाची धाकटी बहीण सुंदरा चाळणी हलवत बसली होती, भुवयांपर्यंत पांढरी.

“बंद करा! आधी बाहेर निंघा सारे!” लक्ष्मणराव ओरडले.

तानबाला राग आला. “काऊन? काय झालं, मिस्त्री?”

लक्ष्मणरावांनी त्याला बाहेरच्या कडुनिंबाखाली नेलं. “तोंडाले फडकं नाई, पाण्याचा शिपका नाई. तुमाले कोनी शिकवलंच नाई का?”

“मीच तं शिकवतो साऱ्याइले.”

लक्ष्मणराव आवाज खाली आणून म्हणाले, “मी कलकत्त्याले जहाजाच्या गोदीत होतो. हेच काम. आमी नऊ जन होतो. ह्या मातीत केसाहून बारीक तंतू असतात, तानबा. छातीत गेले का निंघत नाईत. कैक वर्सं काई समजत नाई. मंग दम लागते, कोरडा खोकला येते, मानूस वाळत जाते. गोऱ्या डॉक्टरनं सांगतलं, हा टीबी नोहे. नवांतले पाच गेले.”



तानबाला जंगू दिसत होता, सुंदराचा नवरा, लहानग्या नलूचा बाप. वडनेरला शेतमजुरी करणाऱ्या जंगूला इथं लावून दिलं ते तानबानंच. दोन वर्षांपूर्वी तो खोकून खोकून गेला. सगळे क्षय म्हणाले, पण डॉक्टरला त्याच्या थुंकीत कधी काही सापडलं नव्हतं. आणि जंगूच्या जागी बहिणीला घ्या म्हणून मॅनेजरचे पाय धरले, तेही तानबानंच.

तो तसाच पांढऱ्या हातांनी मॅनेजरच्या खोलीत शिरला. मिस्त्री म्हणतात ते खरं का, एवढंच त्यानं विचारलं.

मॅनेजरनं चष्मा काढून पुसला. “एक पत्रक आलं होतं खरं. ओलं करून काम करा, तोंड बांधा, असं काहीतरी होतं त्यात.”

“कवा आलतं?”

“झाली असतील चार वर्षं. इंग्रजीत होतं. तुम्हा लोकांना देऊन काय उपयोग?”

चार वर्षं. म्हणजे तेव्हा जंगू चालता-फिरता होता. सुंदरानं तर ह्या बॉयलरघरात पाऊलही ठेवलं नव्हतं.

“वाचता येत नाई साहेब,” तानबा ओरडला, “पन आयकू तं येते ना!”

त्या खोलीत तो कधी मोठ्यानं बोलला नव्हता.

सगळ्यांना नीट शिकवल्याशिवाय बॉयलरला हात लावणार नाही, असं लक्ष्मणरावांनी बजावलं. दुसऱ्या दिवशी निंबाखाली सारे जमले. लेप आधी भिजवायचा, मग फोडायचा. तोंडाला ओलं फडकं. कोरडा झाडू बंद. कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत. तानबानं एकेक गोष्ट सगळ्यांसमोर करून दाखवली.

“तूच तं म्हनत होता, काई होत नाई म्हनून,” एकजण बोलला.

“चुकलं मायं,” तानबा म्हणाला.

पुढच्या आठवड्यात तो सुंदराला नागपूरला घेऊन गेला. छातीचा फोटो निघाला. फुप्फुसांत खाली जाळं धरायला लागलंय, डॉक्टर म्हणाले; दोन वर्षांची चाळणी, आणि त्याआधी कितीतरी वर्षं धुतलेल्या नवऱ्याच्या कपड्यांतली धूळ. औषध नाही, पण धूळ आजच सोडली तर पुष्कळ वर्षं निघतील.

स्टेशनच्या बाकावर सुंदरानं विचारलं, “दादा, नलूच्या बापालेबी हेच झालतं का?”

“व्हय.”

“मी त्याइले आळशी म्हनत होती. उठा, सोंगं नोका करू म्हनत होती.”

ती रडली नाही. बहीण आपल्याला बोल लावील अशी तयारी करून तानबा आला होता. पण ती स्वतःलाच बोल लावत होती.

कारखाना सोडून गावी परतलेली, त्यानंच शिकवलेली माणसं होती. त्यांना कोण सांगणार? रविवारी तो पायीच वडनेरला निघाला. पहिलं घर टिकारामचं. टिकाराम अंगणात बाज विणत होता. दोन पेड ओढले की थांबायचा, छातीवर हात ठेवून दम घ्यायचा, मग पुन्हा दोरी हातात धरायचा.

तानबा कुंपणाशी उभा राहिला. त्याला हाक मारवेना.